दुसरी फळी : पाचही राखीव एकत्र, की सोबत एक स्टार?

एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, सामना 48 मिनिटांचा. संघाचा सर्वांत मोठा स्टार 36 मिनिटं खेळला तरी 12 मिनिटं उरतातच, आणि कमावलेली आघाडी बऱ्याचदा त्याच 12 मिनिटांत वितळते. सामन्याच्या चार भागांपैकी, म्हणजे क्वार्टरपैकी, दुसऱ्या आणि चौथ्याची सुरुवात बघा, म्हणजे कळेल. यावर चाहत्यांचा वाद मात्र 'याला खेळवा, त्याला बसवा' एवढ्यातच अडकतो. माझ्या मते त्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी. स्टार बसल्यावर उतरणारी दुसरी फळी कशी लावायची: बेंचवरचे पाचही जण एकदम उतरवायचे, की एखादा स्टार्टर (सुरुवातीच्या पाचांतला खेळाडू) मैदानावरच ठेवून त्याच्याभोवती राखीव खेळाडू लावायचे? हे ठरलं की कोणाला खेळवायचं हा प्रश्न निम्मा सुटतो.

पाचही राखीव एकत्र

या पद्धतीचं अलीकडचं सर्वांत देखणं उदाहरण म्हणजे 2017-18 चे टोरांटो रॅप्टर्स. फ्रेड व्हॅनव्लीट, डेलॉन राइट, सी. जे. माइल्स, पास्कल सियाकाम आणि याकोब पोल्टल. हे पाच जण मैदानावर आले की खेळाचा वेगच बदलायचा. व्हॅनव्लीट आणि राइट दोघेही चेंडू हाताळणारे, माइल्स लांबून मारणारा, सियाकाम कोणाच्याही मागे धावणारा आणि पोल्टल बास्केटखाली उभा. प्रत्येकाचं काम वेगळं असल्यामुळे कोणी कोणाच्या वाटेत येत नव्हतं. त्या मोसमात रॅप्टर्सने 59 सामने जिंकले, तोवरचा त्यांचा विक्रम.

फायदा उघड आहे. तेच पाच जण रोज एकत्र खेळतात, त्यामुळे बचावात कोण कोणाची जागा भरणार हे सांगावं लागत नाही. स्टार्टरना सलग विश्रांती मिळते. राखीव खेळाडूलाही माहीत असतं की आपली सहा-सात मिनिटं नक्की आहेत. एक शॉट हुकला म्हणून लगेच बाहेर बोलावणार नाहीत.

पण प्लेऑफमध्ये, म्हणजे नियमित मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत, हिशेब बदलतो. समोरचा स्टार तिथे 40 मिनिटांच्या आसपास खेळतो, म्हणजे तुमची दुसरी फळी त्यांच्या दुसऱ्या फळीसमोर नाही, पहिल्या फळीसमोर उभी राहते. रॅप्टर्सना दुसऱ्या फेरीत लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलंडने 4-0 असं हरवलं. खांद्याच्या दुखापतीमुळे व्हॅनव्लीटला पहिल्या फेरीतल्या बहुतेक सामन्यांना मुकावं लागलं होतं हे खरं, पण 4-0 चं सगळं ओझं एका खांद्यावर टाकता येत नाही.

पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. पोल्टल त्या उन्हाळ्यात कवाय लेनर्डला आणणाऱ्या अदलाबदलीत सॅन अँटोनियोला गेला, राइट आणि माइल्स पुढच्या फेब्रुवारीत मार्क गॅसोलसाठी गेले आणि सियाकाम स्टार्टर झाला. 2019 चं विजेतेपद मिळालं तेव्हा त्या पाचातला बेंचवर उरला होता एकटा व्हॅनव्लीट. फायनल्सच्या, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेच्या, सहाव्या सामन्यात त्याने 22 गुण केले. चांगली दुसरी फळी फार काळ एकत्र राहत नाही. तिच्यातले खेळाडू एक तर वर जातात, नाही तर विकले जातात. त्यामुळे हा पर्याय निवडताना एका-दोन मोसमांचाच विचार धरा.

सोबत एक स्टार

2017-18 च्याच मोसमात ह्यूस्टन रॉकेट्सने उलटी वाट धरली. जेम्स हार्डन आणि ख्रिस पॉल यांच्यापैकी एक जण जवळपास कायम मैदानावर. गणित सोपं आहे: दोघे 36-36 मिनिटं खेळले आणि वेगवेगळ्या वेळी बसले, तर एकही मिनिट दोघांविना जात नाही. बाकीच्यांनी फक्त पडदा लावायचा (बचावपटूची वाट अडवायची), कोपऱ्यात उभं राहायचं आणि आलेला चेंडू मारायचा. ह्यूस्टनने 65 सामने जिंकले.

किंमत मात्र द्यावी लागते, आणि वादात ती कोणी मोजत नाही. दोघे एकत्र खेळण्याची मिनिटं 36 वरून 24 वर येतात. ज्या संघाची खरी ताकद दोन स्टारच्या एकमेकांशी जुळलेल्या खेळात आहे, त्याने हे करताना दहा वेळा विचार करावा. शिवाय एक जखमी झाला की सगळी घडी मोडते. फायनल्सच्या आधीच्या फेरीत, म्हणजे कॉन्फरन्स फायनलमध्ये, गोल्डन स्टेटविरुद्ध पाचवा सामना जिंकून ह्यूस्टनने 3-2 अशी आघाडी घेतली, पण त्याच सामन्यात पॉलचा हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) दुखावला, शेवटचे दोन्ही सामने तो खेळला नाही आणि ह्यूस्टनने ते दोन्ही गमावले. सातव्या सामन्यात त्यांचे सलग 27 थ्री-पॉइंटर (तीन गुणांचे लांबचे शॉट) हुकले. थकलेले पाय आणि तोकडी फळी दोन्ही त्यात दिसत होतं.

सहावा खेळाडू कसा हवा?

सहावा खेळाडू म्हणजे बेंचवरून सर्वांत आधी येणारा. चाहते सर्वांत जास्त भांडतात ते इथे. गुण करणारा आवडतो, कारण गुण दिसतात. लू विल्यम्सने 'सिक्स्थ मॅन ऑफ द इयर' हा सर्वोत्तम राखीव खेळाडूचा पुरस्कार तीनदा जिंकला, आणि क्लिपर्स संघात त्याची मॉन्ट्रेझ हॅरेलसोबतची पिक-अँड-रोल (एकाने पडदा लावून बास्केटकडे धावायचं, दुसऱ्याने पास द्यायचा) डोळ्यांचं पारणं फेडायची. पण 2020 च्या प्लेऑफमध्ये डेन्व्हरविरुद्ध 3-1 अशी आघाडी असूनही क्लिपर्स मालिका हरले. डेन्व्हरच्या निकोला योकिचसमोर हॅरेल उंचीने कमी पडत होता, तोही त्याच वर्षी हाच पुरस्कार जिंकलेला असताना.

दुसरीकडे गोल्डन स्टेट वॉरियर्सचा आंद्रे इगुओडाला. 2014-15 च्या नियमित मोसमात तो एकही सामना सुरुवातीपासून खेळला नाही. फायनल्समध्ये वॉरियर्स 1-2 असे मागे पडल्यावर चौथ्या सामन्यात त्याला अँड्र्यू बोगटच्या जागी सुरुवातीला आणलं, वॉरियर्सने सलग तीन सामने जिंकले आणि फायनल्स एमव्हीपी, म्हणजे मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू, तोच ठरला. गुणांची सरासरी पाहून ही निवड कोणीच केली नसती. तो संघाचा स्टार स्टेफ करीसोबत आणि करीविना, दोन्हीकडे बसत होता. मला सहावा खेळाडू असाच हवा.

प्लस-मायनसचा, म्हणजे खेळाडू मैदानावर असताना संघ किती गुणांनी पुढे-मागे गेला हा, आकडा पुढे करणाऱ्यांना एकच विचारा: हा आकडा कोणासोबत खेळताना आला? स्टारसोबत दहा मिनिटं खेळणाऱ्याची आणि त्याच्याविना दहा मिनिटं खेळणाऱ्याची तुलना होऊच शकत नाही.

मग निवड

स्वतःचा शॉट स्वतः तयार करणारे दोन खेळाडू असतील, तर त्यांना आलटून-पालटून बसवा. असा एकच असेल, तर त्याच्या विश्रांतीच्या वेळेत पाच जणांची ठरलेली फळी उतरवा, पण तिच्यात एक खरा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू हाताळून खेळ रचणारा, असलाच पाहिजे. तो नसेल तर बाकी चौघे कितीही गुणी असोत, चेंडू फिरणार नाही.

2013-14 च्या सॅन अँटोनियो स्पर्सचा मार्गही आहे: नियमित मोसमात एकाही खेळाडूची सरासरी 30 मिनिटांवर गेली नाही, मनू जिनोबिलीसारखा माणूस बेंचवरून आला, आणि फायनल्समध्ये मायामीला 4-1 असं हरवलं. मला तो सर्वांत जास्त आवडतो. पण त्यासाठी स्टार्टर होण्याच्या लायकीचा एक खेळाडू आपणहून बेंचवर बसायला तयार असावा लागतो. तुमच्या संघात तसा कोणी असेल, तर वरचे दोन्ही पर्याय बाजूला ठेवा आणि दुसरी फळी त्याच्या हातात द्या.