गिट मर्ज करताना: नो-एफएफ, स्क्वॅश की एफएफ-ओन्ली?

लॉगिनच्या ब्रँचवर (गिटमधली कोडची वेगळी फांदी) तुमचे सात कमिट (नोंदवलेले बदल) झालेत. त्यातल्या चारांचे मेसेज ‘टायपो’, ‘आता चालेल’, ‘आता खरंच चालेल’ असल्या थाटाचे. ती मेनमध्ये, म्हणजे मुख्य ब्रँचमध्ये, मिसळायला नुसतं ‘गिट मर्ज लॉगिन’ दिलंत तर काय होईल, ते मेनवर ठरतं. मधल्या काळात तिथे काही आलं नसेल तर गिट फास्ट-फॉरवर्ड (एफएफ) करतं: मेनचा पॉइंटर उचलून तुमच्या शेवटच्या कमिटवर ठेवतं, बस. आलं असेल तर दोन पॅरेंटचा (म्हणजे आधीच्या दोन कमिटना जोडणारा) मर्ज कमिट बनतो. कमांड एकच, इतिहास दोन तऱ्हेचा. टीममध्ये हे नशिबावर सोडू नये.

‘--नो-एफएफ’ दिलं की मर्ज कमिट दरवेळी होतोच. सातही कमिट राहतात, पण एका फांदीत बांधलेले. ‘गिट लॉग --फर्स्ट-पॅरेंट’ चालवलं की मेनवर फक्त ‘लॉगिन मर्ज झालं’ एवढी एक ओळ दिसते. फीचर काढून टाकायचं तर ‘गिट रिव्हर्ट -एम १’ (बदल उलटवणारी कमांड) आणि त्या मर्ज कमिटचा हॅश, म्हणजे त्याची ओळखखूण. सगळं एका फटक्यात मागे. इथे एक खड्डा आहे. रिव्हर्टनंतर तीच ब्रँच दुरुस्त करून पुन्हा मर्ज केलीत तर जुने सात कमिट परत येत नाहीत, कारण गिटच्या लेखी ते आधीच आलेले असतात. आधी रिव्हर्टचाच रिव्हर्ट करावा लागतो.

‘--स्क्वॅश’ सगळे बदल स्टेज करून (कमिटसाठी तयार ठेवून) थांबतं. कमिट तुम्ही करायचा. मेनवर एकच स्वच्छ कमिट येतो आणि ‘आता खरंच चालेल’ कुणाला दिसत नाही. किंमत मात्र आहे. त्या कमिटला ब्रँचशी जोडणारा पॅरेंट नसतो. म्हणून स्क्वॅशनंतर त्याच ब्रँचवर काम चालू ठेवून ती पुन्हा मर्ज केली, की सोडवून झालेले कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोन्हीकडे झालेले वेगवेगळे बदल) परत उभे राहतात. स्क्वॅश केली की ब्रँच उडवा. ती फक्त तुमच्याच मशीनवर असेल तर ‘गिट ब्रँच’ला छोटा डी पुरत नाही, मोठाच द्यावा लागतो. शिवाय ब्रँचवर तिघांनी काम केलं असेल तरी ब्लेममध्ये (कोणती ओळ कुणाची ते दाखवणारी कमांड) नाव कमिट करणाऱ्याचंच लागतं.

माझं मत विचाराल तर: एकट्याची, दोन-तीन दिवसांची ब्रँच असेल तर स्क्वॅश. कमिट नीट तोडून केलेले असतील, किंवा अनेकांचे हात लागले असतील, तर नो-एफएफ. पुढे बग शोधायला बायसेक्ट चालवाल तेव्हा पन्नास फाइलींचा एकच कमिट सापडून फारसा उपयोग नसतो.

‘--एफएफ-ओन्ली’ फास्ट-फॉरवर्ड जमत नसेल तर सरळ नकार देतं. फीचरसाठी मी ते वापरत नाही, दरवेळी रिबेस करत (आपले कमिट मेनच्या टोकावर पुन्हा रचत) बसावं लागतं. पुलसाठी (सर्व्हरवरचे बदल आपल्याकडे आणायला) मात्र झकास: कॉन्फिगमध्ये ‘पुल.एफएफ’ला ‘ओन्ली’ द्या, नकळत होणारे मर्ज कमिट बंद.

आणि ‘-एक्स अवर्स’च्या जागी ‘-एस अवर्स’ टाइप करू नका. पहिलं फक्त कॉन्फ्लिक्टच्या जागी आपली बाजू घेतं. दुसरं समोरच्या ब्रँचचे सगळेच बदल टाकून देतं, वर मर्ज झाल्याची नोंदही करतं. मी एकदा हे केलंय. एरर नाही, कॉन्फ्लिक्ट नाही; सहकाऱ्याने ‘माझी फाइल कुठे गेली?’ विचारलं तेव्हा कळलं.