पलंगाला लावायचा पाळणा: साडेपाच महिने वापरल्यावर

आधी आमच्या घरची परिस्थिती सांगतो, नाहीतर पुढचं पटणार नाही. मी सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असतो. रात्री साडेबाराला घरी येतो आणि पडलो की धोंड्यासारखा झोपतो. सहा बाय पाचचा पलंग, त्यात मी, बायको आणि मधे अडीच-तीन किलोचं लेकरू, हा विचारच मला सोसवेना. त्यात सिझेरियन होणार हे आधीच ठरलेलं, म्हणजे टाके ओले असताना रात्री चार-चार वेळा उठून भिंतीकडच्या पाळण्यापर्यंत जाणं बायकोला जमणार नाही. म्हणून पलंगाला चिकटून उभा राहणारा, एक बाजू खाली होणारा पाळणा घ्यायचं ठरवलं. बाळाच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं: खोली एक, अंतर हाताचं, पण झोपायची जागा वेगळी. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सची २०२२ ची शिफारसही निदान पहिले सहा महिने असं झोपवावं अशीच आहे.

कंपनीचं नाव देत नाही. आमच्या पलंगाला जो बसला तो तुमच्या पलंगाला बसेलच असं नाही, हे मी पैसे घालवून शिकलोय.

पहिला पाळणा ऑनलाइन मागवला. उंची सोळा ते बावीस इंच कमीजास्त होते असं लिहिलेलं. आमचा पलंग गादीसकट एकवीस. झालं की! खोकं उघडलं, तासभर स्क्रू पिळले, पाळणा पलंगाजवळ नेला आणि चार इंचांवर अडला. या पाळण्यांचे खालचे पाय पुढे आलेले असतात, ते पलंगाखाली सरकले तरच पाळणा गादीला टेकतो. आमचा पलंग बॉक्सचा. खाली पोकळीच नाही, सगळा कप्पा, त्यात हिवाळ्याच्या चादरी आणि लग्नातली भांडी. सोलापुरात आता निम्म्या घरांत असलेच पलंग आहेत, पण वर्णनात याबद्दल एक ओळ नव्हती. चार इंचांच्या फटीत नवजात बाळ सहज अडकतं. पाळणा परत केला, त्यात आठ दिवस आणि साडेतीनशे रुपये गेले.

दुसरा घेताना मी टेप खिशात घेऊनच नवी पेठेतल्या दुकानात गेलो. याचे पाय बाजूच्या कडांना सरळ उभे, पलंगाकडच्या बाजूचे पाय आत दुमडता येतात, म्हणजे बॉक्सच्या पलंगालाही तो अंगासरसा लागतो. साडेनऊ हजारांना पडला. पुस्तिकेवर ईएन ११३० हा पाळण्यांच्या सुरक्षेच्या युरोपातल्या मानकाचा क्रमांक छापलेला होता, तेवढं बघून घेतलं. दुकानदाराला वाटलं मी वेडा आहे. गादीवर तळवा दाबून बघतोय, जाळी ताणून बघतोय, कडेला गादी आणि भिंत यांच्यामधे बोटं घालतोय. गादी पातळ आणि टणक हवी, हात उचलल्यावर खड्डा राहता कामा नये. “साहेब, फार कडक वाटत असेल तर वरून एक मऊ गादी देतो,” म्हणाला. नको म्हटलं. वरून गादी टाकली की कठडा तेवढा बुटका होतो, आणि मऊ गादीत बाळाचं तोंड रुततं.

मोजायची गोष्ट म्हणजे नुसती पलंगाची उंची नव्हे. तुमची गादी आणि पाळण्याची खाली केलेली कड एका पातळीत यायला पाहिजे, आणि पाळण्याची गादी त्या कडेपेक्षा खोल. आमच्यात ती साडेचार इंच खोल आहे. तो साडेचार इंचांचा उंबरा असतो म्हणून बाळ आईकडे घरंगळत नाही आणि आईचं पांघरूणही सहजी आत येत नाही.

आता खरी गंमत. पहिलं बाळंतपण, म्हणजे बायको माहेरी. माहेर गावातच, विजापूर रोडला, म्हणून पाळणा टेम्पोत घालून तिकडे नेला. तिकडचा पलंग जुना सागवानी, त्यावर कापसाची गादी. पहिल्या दिवशी पातळी अगदी बरोबर बसवली. पंधरा दिवसांनी बघतो तर पाळण्याची कड गादीच्या वर दीड इंच! पाळणा वाढला नव्हता, गादी बसली होती. दूध पाजायला बायको रोज त्याच कडेला बसायची, कापूस तिथं दबला. टाके असलेल्या बाईला ती दीड इंचाची चढण बाळ उचलताना टोचायची, आणि गादी उतरती झाल्यामुळे फटही पडायला लागली होती. पिंजारी बोलावून गादी पिंजून घेतली आणि पाळण्याचे पाय एक खाच खाली केले. कापसाची गादी असेल तर दर आठवड्याला बघा.

पट्ट्यांचं सांगतो. सोबत दोन पट्टे येतात, ते गादीखालून पलीकडच्या कडेपर्यंत नेऊन आवळायचे. पट्टे चांगले आहेत, खटकाही मजबूत. पण पट्टा आपोआप सैल झाला नाही तरी माणसं करतात. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत घरात पाहुणे, दिवसभर ये-जा. मी रात्री कामावरून थेट तिकडेच गेलो. हात धुऊन सवयीने फटीत बोटं घातली तर तीन बोटं आत गेली. लेकरू शांत झोपलेलं, त्याची मूठ त्या फटीपासून वीतभरावर. सकाळी कळलं, फरशी पुसायला मावशींनी पाळणा ओढला होता आणि परत “लावून” ठेवला होता. त्यांची काय चूक, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून नियम केला: शेवटी जो झोपेल त्याने फटीत बोट घालून बघायचं. एक बोटसुद्धा जाता कामा नये. शेवटी झोपणारा बहुतेक मीच असतो.

पाळण्यात काय ठेवायचं यावरून मात्र घरात जे झालं ते पाळण्यापेक्षा महाग पडलं. बायकोच्या आज्जी ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी पहिल्यांदा रिकामा पाळणा बघितला आणि म्हणाल्या, “काय ओ जावईबापू, लेकराला उशी नाही, पांघरूण नाही, जाळीत ठेवायलाव? भाजी हाय का ती?”

त्यांनी स्वतःच्या हाताने मोहरीची उशी शिवलेली, डोकं गोल यावं म्हणून. सासूबाईंनी छोटी सोलापुरी चादर आणलेली. ज्या चादरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं तिलाच नाही म्हणणारा जावई सोलापुरात दुसरा नसेल! मी कापडातला माणूस. जाड, घट्ट विणीच्या कापडातून हवा किती जाते ते मला माहीत आहे, आणि महिन्याच्या बाळाला तोंडावर आलेलं पांघरूण बाजूला करता येत नाही. उशीने मान पुढे वाकते, हनुवटी छातीला टेकते, श्वासाची वाट चिमटते. शेवटी तोडगा निघाला. उशी मालिशच्या वेळी, जागेपणी, आज्जींच्या मांडीवर. चादर सगळ्यांना दिसेल अशी खुर्चीच्या पाठीवर. पाळण्यात फक्त गादी, तिच्यावर घट्ट बसलेली अंथरायची चादर आणि बाळ, तेही उताणं. थंडी होती तेव्हा पांघरुणाऐवजी आत एक झबलं जास्त. बारशाला आत्याने आणलेलं चिमणाळं बारशापुरतं लाकडी पाळण्याला बांधलं आणि मग खिडकीला.

झोळीवर मी कुणाशी भांडलो नाही. आज्जींनी चार पोरं साडीच्या झोळीत वाढवलीत. पण झोळीतही बाळ गोल होतं, मान तशीच वाकते. म्हणून दिवसा, कुणीतरी शेजारी बसलेलं असेल तरच झोळी, आणि डोळा लागला की उचलून पाळण्यात. उचलताना निम्म्या वेळा उठतं ते. चालायचंच.

आमच्या पाळण्याची एक “खासियत” मी एकदाही वापरली नाही. डोक्याकडचे पाय दोन खाचा वर करून गादी तिरपी करता येते. दूध उलटू नये म्हणून, असं दुकानात सांगितलं. डॉक्टर म्हणाले, अजिबात नको, सपाट ठेवा. उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे उलटलेलं दूध श्वासात जाणं उलट अवघड. तिरप्या गादीवर मात्र बाळ खाली घसरतं आणि मान वाकते. अमेरिकेत २०१९ मधे एका मोठ्या कंपनीने असे सुमारे ४७ लाख झुकते पाळणे बाजारातून परत घेतले, आणि २०२२ मधे दहा अंशांपेक्षा जास्त उताराच्या बाळझोपण्यांवर तिथं कायद्यानेच बंदी आली. आपल्याकडे तीच गोष्ट जादा सोय म्हणून विकतात.

चादरींचा विषय माझ्या हातातला, तरी तिथंच फसलो. सोबत एकच चादर येते. आमच्याकडे नळाला पाणी चार दिवसांआड, म्हणजे एका चादरीवर भागणं शक्य नाही. सुती कापड आणून शेजारच्या टेलरकडून चारही बाजूंनी इलॅस्टिक लावून चार चादरी शिवल्या. अगदी मापात. पहिल्या धुण्याला कापड आटलं आणि पातळ गादीचे कोपरे चादरीने वर उचलले, पापड भाजल्यावर वळतो तसे. कोपरा उचलला की कडेला फट. वीस वर्षं टॉवेल आटताना बघणाऱ्या माणसाने कापड आधी पाण्यातून काढू नये, याला काय म्हणावं! दुसऱ्या चार शिवल्या, कापड दोनदा धुऊन.

दुसऱ्या महिन्यात लक्षात आलं की बाळाच्या डोक्याची उजवी बाजू चपटी व्हायला लागलीय. आज्जी लगेच, “बघा, उशी नाही म्हणून.” कारण वेगळं होतं. पाळणा पलंगाच्या एकाच बाजूला, आई नेहमी त्याच्या उजवीकडे, आणि बाळ आईकडेच बघणार. हा या पाळण्याचा स्वभावदोष आहे, कुठल्याही कंपनीचा घ्या. आम्ही एक रात्र डोकं इकडे, एक रात्र डोकं पायथ्याकडे असं सुरू केलं, आणि जागेपणी दिवसातून तीन-चारदा पोटावर पालथं, आमच्या डोळ्यांसमोर. एप्रिलपर्यंत डोकं बरंच भरून आलं.

एप्रिल म्हटल्यावर उन्हाळा. बाहेर बेचाळीस, घरात स्लॅबच्या खालची खोली. इथं जाळीच्या भिंतींचं मोल कळलं, चारही बाजूंनी पंख्याचा वारा लागतो. गादीची मात्र तक्रार आहे. वरच्या आवरणाखाली प्लास्टिकसारखा थर आहे, ओल आत जाऊ नये म्हणून, आणि त्याने पाठ घामेजते. घामोळं आलं. आम्ही अंगावर फक्त लंगोट ठेवला, झोपायच्या आधी ओल्या फडक्याने पुसून घेतलं, कूलर थेट अंगावर न सोडता भिंतीकडे वळवला. जादा काही अंथरलं नाही. दिवे गेले की रात्र जागूनच काढायची, त्याला पाळणा तरी काय करणार.

सोबत आलेली मच्छरदाणी निरुपयोगी. बाजू खाली केली की ती लागतच नाही. पलंग आणि पाळणा दोन्ही झाकेल अशी मोठी शिवून घेतली, आत लोंबणार नाही अशी चारी कोपऱ्यांना ताणून बांधली. आणखी एक: बाजू खाली करायची चेन तिसऱ्या महिन्यापासून अडते. मेणबत्ती घासली की आठवडाभर चालते. तेल लावू नका, जाळीला डाग पडतात. मालिशच्या तेलाचे पडलेत तेवढे पुरे.

बायकोला विचारलं, काय लिहू. ती म्हणाली, पहिला सव्वा महिना याच्याशिवाय निघाला नसता एवढं लिहा. रात्री नुसता हात टाकला की बाळाच्या छातीवर, पाजून झालं की बसल्या जागेवरून परत आत. मला स्वतःला विचाराल तर साडेनऊ हजार साडेपाच महिन्यांसाठी जास्तच आहेत, पण त्या पैशांत मी शांत झोपलो.

मेच्या मधे एका सकाळी लेकरू हातापायांवर उठून डुलायला लागलं. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय: बाळ हातागुडघ्यांवर उठायला लागलं की वापर बंद, वजन नऊ किलोच्या आत असलं तरी. आमचं सव्वासात किलो होतं. त्याच रात्री ते उंच कठड्याच्या लाकडी पलंगात गेलं, दांड्यांमधलं अंतर मोजून घेतलंय, साडेपाच सेंटिमीटर. सहाच्या वर नको.

पाळणा आता मेहुणीला द्यायचाय, तिला सप्टेंबरात आहे. सगळे स्क्रू, दोन्ही पट्टे, पुस्तिका एका पिशवीत बांधून ठेवलंय. फोनवर विचारलं, पलंग किती उंच आहे तुमचा? म्हणाली, “पलंग कुठलाय भावजी, आम्ही खालीच गादी घालतो.” पाळणा सोळा इंचांच्या खाली येत नाही. म्हणजे बाजू वर करून, वेगळा उभा करूनच वापरावा लागेल, किंवा त्यांना पलंग घ्यावा लागेल. बॉक्सचा घेऊ का म्हणून तिनेच पुढे विचारलं. रविवारी टेप घेऊन जाणार आहे.