टेंडर एकाच्या नावावर, पैसा दुसऱ्याचा: पेटी गुत्त्यात पोरं कशी बुडतात

दिवाळी झाली की मराठवाड्यात रस्ते, सभामंडप, शाळाखोल्या, नाल्या यांची कामं सुरू होतात. त्याच सुमारास गावोगावी एक बोलणी होते. "माझ्या नावावर वीस लाखांचा रस्ता निघालाय. मला वेळ नाही, तू करून टाक. पाच टक्के मला दे, बाकी सगळं तुझं." ऐकणारा बहुतेक वेळा सिव्हिल डिप्लोमा करून घरी बसलेला पोरगा असतो, नाहीतर हप्त्यावर जेसीबी घेतलेला गडी. बयाणा भरायचा नाही, टेंडर भरायचं नाही, थेट काम हातात. पेटी गुत्ता, म्हणजे दुसऱ्याच्या नावावरचा ठेका आपण करणं, म्हणतात तो हाच. यात बुडालेली माणसं बीडपासून हिंगोलीपर्यंत प्रत्येक तालुक्यात सापडतील, आणि बुडण्याची रीत जवळपास सगळीकडे सारखी आहे. पुढे काम करणाऱ्यांनी ती आधी समजून घ्यावी म्हणून सविस्तर लिहितो आहोत.

आधी कार्यालयाची बाजू. कामाला प्रशासकीय मान्यता मिळते, मग अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता, मग निविदा. छोटी कामं ३३:३३:३४ या प्रमाणात वाटली जातात: सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले गुत्तेदार. पहिल्या दोघांची कामं काम वाटप समितीतून जातात, खुल्यांची स्पर्धेतून. ज्याला काम मिळतं त्याच्याशी करारनामा होतो आणि त्याच्या नावाने कार्यारंभ आदेश निघतो. तिथून पुढे मोजमाप पुस्तिका (एमबी), बिल, कपात, अनामत, सगळं त्याच एका नावावर चालतं. विभागाच्या लेखी परवानगीशिवाय काम दुसऱ्याला द्यायला करारात मनाई असते. म्हणजे पेटी गुत्तेदार साइटवर दिवसरात्र उभा असला तरी कार्यालयाच्या दप्तरी तो कुठेच नसतो. मूळ गुत्तेदाराला हे पक्कं माहीत असतं.

पहिला घोळ टक्क्यात. काम वीस लाखांचं असं सांगितलं जातं, पण तो अंदाजपत्रकाचा आकडा असतो. टेंडर १८ टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा तेवढ्या कमी दराने, गेलं असेल तर करार १६ लाख ४० हजारांचा होतो. "पाच टक्के" कशाचे, हे बोलणीत कोणी विचारत नाही. कराराच्या रकमेवर ते ८२ हजार होतात, अंदाजपत्रकावर १ लाख. हिशोबाला बसल्यावर मूळ गुत्तेदार दुसरा आकडा काढतो. फार खाली गेलेल्या टेंडरला जादा परफॉर्मन्स सिक्युरिटी, म्हणजे काम नीट होईल याची अनामत, भरावी लागते. तीही "आपल्या कामासाठीच आहे" म्हणून पेटीवाल्याकडूनच घेतली जाते. मात्र परत मिळते ती करारातल्या नावाला.

दुसरा घोळ कपातीत. ही आकडेमोड नीट बघा. १६ लाख ४० हजारांच्या बिलातून आयकराचा टीडीएस (वैयक्तिक गुत्तेदाराला १ टक्का) १६,४०० रुपये जातो, जीएसटीचा टीडीएस २ टक्के म्हणजे ३२,८०० आणि कामगार कल्याण उपकर १ टक्का म्हणजे १६,४००. उपकर गेला तो गेलाच. पण दोन्ही टीडीएस मिळून ४९,२०० रुपये बुडत नाहीत, ते मूळ गुत्तेदाराच्या पॅनवर आणि जीएसटी खात्यावर जमा होतात. आयकराचा परतावा त्याला मिळतो, जीएसटी भरताना तो ही रक्कम वापरतो. पेटीवाल्याच्या हिशोबात मात्र "कपात" म्हणून सगळी रक्कम वजा होते. ठरवताना हे ४९,२०० कोणाचे, हे लिहून घेतलेलं जवळजवळ कधीच नसतं.

रॉयल्टीचंही असंच. एक किलोमीटर लांब, ३ मीटर रुंद रस्त्यावर मुरमाचा १५ सेंटीमीटरचा थर दाबून घ्यायचा तर ४५० घनमीटर मुरूम लागतो. २.८३ घनमीटरचा एक ब्रास, म्हणजे १५९ ब्रास. हायवात (मोठ्या टिपरात) येणारा सैल मुरूम याच्या सव्वापट धरावा लागतो. ब्रासला ६०० रुपये दराने १५९ ब्रासची रॉयल्टी ९५,४०० होते. महाखनिज या सरकारी संकेतस्थळावरच्या ई-टीपी (वाहतूक परवाना) पावत्या त्या कामाच्या नावाने जोडल्या नाहीत तर ही रक्कम बिलातून कापली जाते. क्रशरवाल्याला किंवा खाणवाल्याला रॉयल्टीसकट पैसे दिलेले असतात, पावत्या मात्र आणलेल्या नसतात, किंवा आणून मूळ गुत्तेदाराकडे दिलेल्या असतात आणि तो त्या दुसऱ्याच कामाला लावतो. एकाच मुरमाची रॉयल्टी पेटीवाला मग दोनदा भरतो. पावती हातची सोडण्याआधी तिची प्रत ठेवा आणि बिलाला जोडलेल्या पावत्यांचे नंबर तिच्याशी ताडून बघा.

सगळ्यात जास्त माणसं मात्र बुडतात ती खरेदीच्या बिलांत, आणि हे फार उशिरा कळतं. मूळ गुत्तेदार सांगतो, "सिमेंट, स्टील, खडी सगळं माझ्या फर्मच्या नावाने घे, जीएसटीचं क्रेडिट मिळालं पाहिजे." त्याच्या बाजूने हे बरोबरच असतं, कारण कामाच्या बिलावर १८ टक्के जीएसटी त्यालाच भरायचा असतो. पण त्यामुळे पैसा पेटीवाल्याचा आणि प्रत्येक पक्कं बिल मूळ गुत्तेदाराच्या नावाचं, असं होतं. दुकानात उधारी पेटीवाल्याच्या ओळखीवर, मजुरांची उचल त्याच्या हातून रोख, डिझेल रोख. उद्या भांडण लागलं तर "हे काम मी माझ्या पैशातून केलं" हे दाखवणारा एकही कागद त्याच्याकडे नसतो. उलट मूळ गुत्तेदाराकडे करार, कार्यारंभ आदेश, एमबीवरची सही आणि खरेदीची बिलं असा पूर्ण संच तयार असतो. तो सरळ सांगतो, "हा माझ्याकडे मुकादम होता. त्याची मजुरी दिली आहे."

म्हणून पैसा रोखीने देऊ नका. दुकानदाराला, क्रशरला, हायवावाल्याला तुमच्या स्वतःच्या बँक खात्यातून द्या आणि शेऱ्यात कामाचं नाव टाका. बिल त्याच्या फर्मचं असलं तरी पैसे कोणाच्या खात्यातून गेले हे त्यामुळे राहतं. माल उतरताना डिलिव्हरी चलनावर घेणाऱ्याची सही तुमची असू द्या. हजेरीपट रोजच्या रोज भरा.

आता मोजमाप. शाखा अभियंता साइटवर मोजमाप घेतो, एमबीत नोंदवतो, उपअभियंता तपासतो आणि गुत्तेदार मान्य म्हणून सही करतो. पेटीवाल्याला एमबी दिसतही नाही. झाकली जाणारी कामं, म्हणजे पायाखालचं काँक्रीट, मुरमाचा थर, पाइपाखालची बेडिंग, पुढचा थर पडायच्या आत मोजली गेली नाहीत तर नंतर भांडून उपयोग नसतो. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत हे फारच महागात पडतं. अंदाजपत्रकात १५ सेंटीमीटर मुरूम धरलेला असतो, प्रत्यक्षात काळी माती फुगते, रोलर फिरताना थर हलतो, आणि "साहेब बघून गेलेत, टाक अजून एक थर, घेऊ करून" असं सांगितलं जातं. हा जादा थर बीओक्यूत, म्हणजे टेंडरमधल्या कामांच्या आणि परिमाणांच्या यादीत, नसेल तर त्याचे पैसे मिळण्याचा एकच रस्ता: काम करण्याआधी करारातल्या गुत्तेदाराने कार्यकारी अभियंत्याला पत्र द्यायचं, जादा बाबीचा दर म्हणजे ईआयआरएल मंजूर करून घ्यायचा. बाब बीओक्यूत असून परिमाण सव्वापटीच्या पुढे गेलं तर करारातला क्लॉज ३८ लागतो, तोही लेखीच. पेटीवाल्याला असं पत्र देण्याचा अधिकारच नाही. मूळ गुत्तेदार देत नाही, कारण जादा मुरूम त्याच्या खिशातून जात नसतो.

बिल निघालं की ते करारात दिलेल्या बँक खात्यातच जमा होतं. पेटीवाल्याला धीर यावा म्हणून ५०० रुपयांच्या बाँडवर नोटरी केलेलं मुखत्यारपत्र दिलं जातं, कधी सही केलेलं चेकबुकही हातात ठेवतात. दोन्हींवर विसंबू नका. मुखत्यारपत्र कधीही रद्द करता येतं, चेकचं पेमेंट थांबवता येतं, आणि बिल पास व्हायच्या आदल्या आठवड्यात बँक खातं बदलण्याचा अर्ज कार्यालयात देता येतो. त्यावर सही लागते ती करारातल्या माणसाचीच. उलट पेटीवाल्याने "सिक्युरिटी" म्हणून दिलेला कोरा चेक मात्र मूळ गुत्तेदार वटवायला टाकतो आणि तो परत गेला की नोटीस पाठवतो. पैसे याचेच बुडालेले आणि कोर्टात आरोपीही हाच. कोरा चेक, कोरा बाँड, डिजिटल सिग्नेचरचा टोकन, या तीन गोष्टी कुणालाही देऊ नका. टोकनचा धोका तर आणखी वेगळा आहे: त्यावरून तुमच्या नावाने सपोर्टिंग टेंडर, म्हणजे फक्त स्पर्धा दाखवायला खोटं टेंडर, भरलं जातं आणि संगनमताची चौकशी लागली की तुमचं नाव काळ्या यादीत जातं.

बिल उशिरा निघणं ही फसवणूक नव्हे, पण त्या उशिराच्या आडून फसवणूक होते. निधी येईल तसं बिल निघतं. अर्थसंकल्पात नाममात्र तरतूद असलेल्या कामांची बिलं पुरवणी मागण्यांपर्यंत, नाहीतर पुढच्या मार्चपर्यंत अडकतात. पैसे येऊन गेलेले असतानाही "अजून बजेट नाही" हे उत्तर महिनोन्महिने ऐकवलं जातं. खरं काय ते माहितीच्या अधिकारात कळतं. नमुना 'अ'मधला अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकाच विषयावर १५० शब्दांच्या आत. विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडून मागा: करारनाम्याची प्रत, एमबीचा गोषवारा, आजवरच्या रनिंग (काम चालू असताना निघालेल्या) बिलांच्या रकमा, तारखा आणि कपाती. उत्तराची मुदत ३० दिवस.

फसवणुकीचा एक प्रकार याहूनही वाईट. यात कामच नसतं. "२५१५ मधून (ग्रामविकासाच्या निधीच्या लेखाशीर्षातून) गावाला पंधरा लाख मंजूर करून आणलेत, दहा टक्के आधी दे, वर्क ऑर्डर तुझ्या नावाची," असं सांगून बनावट शासन निर्णय दाखवला जातो. खरा शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर असतो आणि त्यावर १८ अंकी संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. तो संकेतांक संकेतस्थळावर टाकून बघा, परिशिष्टात गावाचं आणि कामाचं नाव आहे का तेही बघा. ई-निविदा झाली आहे म्हणत असतील तर टेंडर आयडी मागा आणि महाटेंडर्स या सरकारी ई-निविदा संकेतस्थळावर तिची स्थिती तपासा. वर्क ऑर्डरचा जावक क्रमांक उपविभागात नव्हे, ज्या कार्यालयाने ती काढली तिथल्या जावक नोंदवहीत पडताळा. जो माणूस यातलं काही तपासू देत नाही, त्याला एक रुपयाही देऊ नका.

तरीही पेटीवर काम घ्यायचंच असेल तर दोनच प्रकार त्यातल्या त्यात धोक्याबाहेरचे. एक, माल मूळ गुत्तेदाराचा, तुमची फक्त मजुरी, आणि दर आठवड्याला झालेल्या कामाचा हिशोब चुकता. एक आठवडा थकला की काम बंद. दोन, टेंडर भरण्याआधीच नोंदणीकृत भागीदारी, म्हणजे करारात आणि बँक खात्यावर तुमचंही नाव येतं. स्वतःची नोंदणी करून लहान काम घेणं याहून चांगलं. बेरोजगार अभियंत्यांचा ३३ टक्के वाटा त्यासाठीच आहे.

आधीच अडकला असाल तर बिल निघण्याची वाट बघत बसू नका. केलेल्या कामाच्या पैशाचा दिवाणी दावा काम झाल्यापासून ३ वर्षांत दाखल करावा लागतो, आणि "पुढच्या मार्चला देतो" यात तीन मार्च सहज जातात. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, साइटचे तारखेसह फोटो, बँकेचा उतारा, चलनं आजच एकत्र करा, वकिलामार्फत नोटीस द्या. सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू दाखवता येत असेल, म्हणजे बनावट आदेश किंवा तेच काम दोघांना विकलेलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार होते. ठाण्यात "ही दिवाणी बाब आहे" म्हणून परत पाठवलं तर अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि त्याची प्रत पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या आर्थिक गुन्हे शाखेला पाठवा.