जुन्या हत्यारांचा ऑनलाइन लिलाव : बोली हलकी, भाडे जड

माझ्या वहीत आजवर अकरा खरेदींची नोंद आहे. प्रत्येक नोंदीत चार रकाने आहेत : बोलीची रक्कम, वाहतुकीचे भाडे, सीमाशुल्क आणि अमळनेरला घराच्या दारात वस्तू हातात पडली तेव्हाची एकूण किंमत. अकरापैकी आठ नोंदींत दुसरा रकाना पहिल्यापेक्षा मोठा आहे. परदेशातील ऑनलाइन लिलावांतून सुतारकामाची जुनी हत्यारे मागवण्याचा जो अनुभव मी गेल्या सहा वर्षांत घेतला, त्याचे परीक्षण लिहायचे तर ते प्रामुख्याने या दुसऱ्या रकान्याचेच परीक्षण होईल, कारण हत्यारांच्या दर्जाबद्दल माझी तक्रार जवळजवळ नाही.

परदेशातून का मागवायचे, असा प्रश्न येथे अनेक जण विचारतात. आपल्याकडच्या सुताराचा लाकडी रंधा हे उत्तम हत्यार आहे, यात मला शंका नाही. मात्र खानदेशातील हवा त्याची कठोर परीक्षा घेते. मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो, लाकूड आकसते आणि रंध्याचा तळ वाकडा होतो. पावसाळ्यात तेच लाकूड फुगते आणि पाचर काढता निघत नाही. बिडाच्या लोखंडी रंध्याला गंज चढतो, पण त्याचा तळ असा हलत नाही. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील न्यू ब्रिटन येथे स्टॅनले कंपनीने आणि इंग्लंडमधील शेफील्ड येथे रेकॉर्ड कंपनीने एकेकाळी बनवलेले रंधे आजही थोडी मेहनत घेतली की नव्यासारखे चालतात, आणि त्या देशांत ते लिलावात इतक्या संख्येने येतात की बोली फारशी चढत नाही.

भारतातच असा बाजार मिळाला असता तर प्रश्नच नव्हता. १९९५ साली सुरू झालेल्या ईबे या अमेरिकी लिलाव-कंपनीचे भारतीय संकेतस्थळ काही वर्षे चालले. ते २०१७ मध्ये फ्लिपकार्टकडे गेले आणि २०१८ मध्ये बंद झाले. त्यामुळे जुन्या हत्यारांसाठी आता परदेशी संकेतस्थळाकडेच पाहावे लागते आणि भाडेही परदेशापासूनचे द्यावे लागते.

माझी पहिली खरेदी स्टॅनलेच्या ४ नंबरच्या रंध्याची (नंबर म्हणजे कंपनीने त्या नमुन्याला दिलेला क्रमांक). इंग्लंडमधील विक्रेत्याकडून तो १४ पौंडांत माझ्या नावावर सुटला आणि टपालखर्च २४ पौंड झाला. एकूण ३८ पौंड, म्हणजे सुमारे चार हजार रुपये, शिवाय सीमाशुल्क वेगळे. आमच्या गल्लीतील सुतार अप्पांनी तो रंधा हातात घेतला, फिरवून पाहिला, किंमत विचारली आणि म्हणाले, “भाऊ, हाऊ रंधा सस्ता शे, पन भाडं भारी शे.” तरीही ही खरेदी मी चांगली मानतो, आणि त्याचे कारण वजनात आहे. ब्रिटनच्या रॉयल मेलच्या परदेशी लहान पार्सलची मर्यादा २ किलो आहे. ४ नंबरचा रंधा साधारण १.७ किलोचा असतो. पुठ्ठा आणि बुडबुड्यांचे प्लास्टिक जपून वापरले तर पार्सल २ किलोच्या आत बसते. त्याच घराण्यातील ५ नंबरचा, जरा लांब असा जॅक रंधा सुमारे २.१५ किलोचा, म्हणजे काहीही न गुंडाळताच मर्यादेबाहेर. तो मग जड पार्सलांच्या सेवेने पाठवावा लागतो आणि भाडे एकदम वरच्या पायरीवर जाते. दोन रंध्यांतील फरक जेमतेम अर्ध्या किलोचा, पण माझ्या वहीत तो मोठा दिसतो.

अमेरिकेतून मागवताना परिस्थिती आणखी अवघड होते. तेथील टपाल खात्याने परदेशी पार्सलांसाठीची स्वस्त सागरी सेवा २००७ मध्ये बंद केली. तेव्हापासून टपालाने येणारी प्रत्येक वस्तू विमानाने येते आणि लोखंडाचा प्रत्येक किलो विमानाच्या दराने मोजला जातो. जुन्या हत्यारांचा सर्वांत मोठा साठा ज्या देशात लिलावाला येतो, तेथूनच आणणे सर्वांत महाग पडावे, याची मला मनापासून खंत वाटते.

याच मार्गाने मी ७ नंबरचा लांब रंधा मागवला. बावीस इंच लांबीचा आणि साधारण ३.७ किलोचा हा रंधा दरवाजाच्या फळ्या जोडण्याआधी कडा सरळ करण्यासाठी अतुलनीय आहे. बोली ४८ डॉलर, भाडे ९४ डॉलर. पेटी आली तेव्हा आत चुरगळलेले वर्तमानपत्र होते आणि रंध्याच्या तोंडाशी, म्हणजे तळातून पाते बाहेर येते त्या फटीशी, आरपार भेग गेलेली होती. जुने बीड दाब सहन करते, आघात सहन करत नाही. पेटी एका कोपऱ्यावर पडली तरी एवढे होणे शक्य असते. विक्रेत्याने छायाचित्रे पाहून किंमत परत केली, भाडे मात्र परत मिळाले नाही. अकरा खरेदींतील सर्वांत मोठे नुकसान हेच, आणि ते भाड्याच्या रकान्यातच झाले. तेव्हापासून बोली लावण्यापूर्वी मी विक्रेत्याला तीन गोष्टी लिहून विचारतो : पाते आणि ते दाबून धरणारी वरची टोपी काढून वेगळी गुंडाळाल का, मूठ सोडवून पाठवाल का, आणि पेटीत पेटी घालाल का. जो उत्तर देत नाही, त्याच्या वस्तूवर मी बोली लावत नाही.

करवतीचा अनुभव याहून वेगळा आहे. फिलाडेल्फियाच्या डिस्टन कंपनीची २६ इंची हातकरवत पाऊण किलोच्या आसपास भरते, म्हणून ती स्वस्तात येईल असे वाटते. पण कुरिअरवाले वजनासोबत आकारमानही मोजतात. पेटीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचे; येणारा आकडा काट्यावरच्या वजनापेक्षा जास्त असेल तर आकारणी त्या आकड्याची. माझ्या विक्रेत्याने प्रथम ७५ × ३० × १५ सेंटिमीटरची पेटी सुचवली होती. तिचे आकारमानी वजन ६.७५ किलो होते, म्हणजे पाऊण किलोच्या करवतीसाठी जवळजवळ सात किलोचे भाडे. मी त्याला विनंती केली की दोन फळ्यांमध्ये करवत घट्ट धरून ७५ × २० × ८ ची चपटी पेटी करावी. तिचा हिशेब २.४ किलो आला. हा हिशेब विक्रेत्याला ठाऊक असतोच असे नाही. तो घरात पडलेली पेटी वापरतो. आपण मापे लिहून पाठवली तर बहुतेक जण आनंदाने ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

संकेतस्थळाच्या रचनेबद्दलही लिहायला हवे. लिलावाच्या पानावर भाडे दाखवलेले असते, पण ते कधी ठरावीक असते, कधी ग्राहकाच्या पत्त्यावरून काढलेले असते आणि कधी भारतासाठी काहीच दाखवलेले नसते. एकेकाळी काही विक्रेते वस्तूची किंमत नाममात्र ठेवून भाडे फुगवत, कारण कमिशन फक्त किमतीवर लागत असे; ईबेने २०११ मध्ये भाड्यावरही कमिशन लावायला सुरुवात केल्यावर त्या युक्तीत फारसा अर्थ उरला नाही. आज भाडे जास्त दिसले तर विक्रेता लबाड आहे असे लगेच मानू नये. पुष्कळदा ते खरोखरच तेवढे असते, आणि त्यातूनही संकेतस्थळ आपला वाटा घेते.

सीमाशुल्काची आकारणी नुसत्या बोलीच्या रकमेवर होत नाही. वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा यांची बेरीज धरली जाते. म्हणजे भाडे वाढले की करही वाढतो. २००७ च्या मूल्यनिर्धारण नियमांत विमानाने आलेल्या मालासाठी दिलासा आहे : वाहतूकखर्चाची ही भर मालाच्या निर्यातस्थळावरील किमतीच्या २० टक्क्यांपुरती मर्यादित राहते. बोलीपेक्षा भाडे जास्त असणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी ही तरतूद फार मोलाची आहे, म्हणून शुल्काची पावती आली की मूल्याचा आकडा कसा काढला आहे तो प्रत्येकाने तपासावा. खाजगी कुरिअरने मागवल्यास कंपनी शुल्क आपल्या वतीने भरते आणि त्या सोयीची वेगळी फी लावते. हलक्या वस्तूच्या बाबतीत ही फी कधी कधी शुल्काच्या जवळ जाते. टपालाने आलेल्या पार्सलात मला हा भार कमी जाणवला.

शेवटचा टप्पा मुंबई ते अमळनेर. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरील गाव असूनही काही कुरिअर कंपन्या आमच्या पिनकोडला ‘ओडीए’, म्हणजे वितरणक्षेत्राबाहेरचा मानतात आणि जादा आकार लावतात किंवा जळगावच्या कार्यालयातून वस्तू घेऊन जायला सांगतात. पोस्टमन मात्र घरी येतो. खानदेशातील तालुक्याच्या गावांत राहणाऱ्यांनी म्हणूनच विक्रेत्याला टपालानेच पाठवण्याचा आग्रह धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या सर्व खटाटोपातून सर्वांत समाधान देणारी खरेदी कोणती, असे विचारले तर मी कोणत्याही रंध्याचे नाव घेणार नाही. ती आहे सुट्या पात्यांची. शेफील्डची जुनी, जाड, मागे निमुळती होत जाणारी पाती लिलावात एकेकटी विकली जातात. अशा एका पात्याचे वजन पाव किलोच्या आसपास असते. मी एकाच विक्रेत्याकडून चार पाती घेतली आणि एकत्र पाठवण्याची विनंती केली. चौघांचे भाडे एका रंध्याच्या भाड्याच्या निम्म्याहून कमी झाले. अप्पांनी त्यांतील दोन पात्यांसाठी तळोद्याकडच्या जुन्या, मुरलेल्या सागाच्या तुकड्यांतून अंग घडवून दिले. तळ वर्षातून एकदा सरळ करावा लागतो, पण धार अशी टिकते की अप्पांनी एक रंधा स्वतःकडेच ठेवला आणि मीही तो परत मागितला नाही.

पटाश्यांच्या बाबतीतही हेच केले. शेफील्डच्या मार्पल्स कंपनीच्या सहा पटाश्यांच्या संचातील मुठी भेगाळलेल्या होत्या. विक्रेत्याला त्या काढून टाकायला सांगितले, संच जेमतेम ९०० ग्रॅमवर आला, आणि मुठी येथे बाभळीच्या लाकडाच्या करून बसवल्या. बाभळीचे लाकूड घाव सोसते. आपल्याकडे बैलगाडीच्या कामात ते उगाच वापरले जात नाही.

जड वस्तूंबद्दल माझा निर्णय उलट आहे. बाकाला लावायचा रेकॉर्डचा मोठा शिकंजा मी अनेकदा लिलावात पाहिला आणि प्रत्येक वेळी भाड्याचा आकडा पाहून पान बंद केले. पुढे तसाच एक शिकंजा मला भुसावळच्या भंगारवाल्याकडे मिळाला. गिरणी आणि रेल्वे ज्या भागात इतकी वर्षे नांदली, तेथे असे जुने लोखंड अजून निघते. त्याने तो किलोच्या भावाने दिला, मी तो एसटीने पायाशी ठेवून आणला, आणि वहीतील त्या नोंदीत भाड्याच्या रकान्यात फक्त माझ्या तिकिटाची रक्कम आहे.

सध्या एक ९½ नंबरचा लहान रंधा माझ्या नजरेत आहे. वजन एक किलोच्या आत, विक्रेता इंग्लंडचा, भाडे १५ पौंड असे लेखी कळवलेले. दारात पडताना तो ३० पौंडांपेक्षा महाग पडू नये असे मी ठरवले आहे. शुल्कासाठी ५ पौंड बाजूला ठेवले तर बोलीला १० पौंड उरतात. तेवढीच कमाल बोली मी नोंदवली आहे.