‘कागदासारखा पडदा’ म्हणून गळ्यात मारलेला टॅबलेट

मॅक्युलर डीजनरेशनमुळे, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज झाल्यामुळे, माझ्या आईला समोरचे अक्षर मधोमध पुसल्यासारखे दिसते, त्यामुळे ती मान किंचित तिरकी करून नजरेच्या कडेने वाचते. तिच्यासाठी ई-बुक रीडर शोधताना ‘कागदासारखा पडदा, हवे तेवढे मोठे अक्षर’ ही ऑनलाइन जाहिरात दिसली आणि मी फारशी चौकशी न करता पैसे भरले.

हाती आला तो चकाकी घालवणारी फिल्म चिकटवलेला सात इंची, साधा एलसीडी टॅबलेट. खऱ्या ई-इंक पडद्यात, म्हणजे ई-बुक रीडरच्या कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्यात, काळे-पांढरे सूक्ष्म कण विजेच्या प्रभावाने सरकतात आणि मग जागच्या जागी राहतात. म्हणून यंत्र बंद असतानाही त्यावर चित्र टिकू शकते आणि बॅटरी कित्येक दिवस पुरते. आमचा पडदा बंद करताच काळाठिक्कर झाला आणि बॅटरीने संध्याकाळीच मान टाकली. पडदा बंद करून पाहण्याची ही परीक्षा पाच मिनिटांची होती, पण वाढदिवसाला द्यायचे म्हणून मी खोके न उघडता कपाटात ठेवले आणि परत करण्याची मुदत तिथेच संपली.

अक्षराची फसवणूक मला अधिक बोचली. सोबतची पुस्तके म्हणजे स्कॅन केलेल्या पीडीएफ, अर्थात पानांची निव्वळ छायाचित्रे होती. ती मोठी केली की ओळ पडद्याबाहेर जाई आणि प्रत्येक ओळीसाठी पान डावीउजवीकडे सरकवावे लागे, जे तिरक्या नजरेने वाचणाऱ्या माणसाला जवळजवळ अशक्यच आहे. ईपब या ई-पुस्तकाच्या फाइल प्रकारात अक्षर वाढवले की ओळी नव्याने जुळतात, म्हणून मी एक मराठी ईपब त्यात घातले, तर ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसली आणि ‘दिवस’चा ‘दविस’ झाला. आईला आधी वाटले की तिचेच डोळे आणखी बिघडले.

तक्रार केल्यावर विक्रेत्याने ‘आम्ही ई-इंक असे कुठे लिहिले आहे?’ एवढेच कळवले. जाहिरात पुन्हा वाचली, तर तो शब्द खरोखरच कुठे नव्हता. पडद्याचा प्रकार आणि अक्षराचा रेखीवपणा ठरवणारे इंचामागचे बिंदूही दिलेले नव्हते.

पुढे एका परिचितांचा अस्सल ई-इंक रीडर आईच्या हाती दिला, पण त्याची करडी पार्श्वभूमी तिला मळकट वाटली. शेवटी घरातल्याच दहा इंची टॅबलेटवर काळ्यावर पांढरी अक्षरे लावून दिली. त्यावर ती दोन पाने सलग वाचते. फसवून विकलेल्या यंत्रावर तेवढ्या मोठ्या अक्षरात एका ओळीत जेमतेम दोन शब्द मावतात.