कूलंटमधली हवा काढायची कशी: उघड्या झाकणाने, ब्लीड बोल्टने की व्हॅक्यूमने?

मोटारसायकलचं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) बदललं, झाकण लावलं आणि पहिल्याच फेरीत तापमानाचा आकडा सर्रकन वर जाऊन तितक्याच झटक्यात खाली आला, तर बहुधा आत हवा अडकली आहे. सेन्सरभोवती हवेचा फुगा असला की त्याला खरं तापमान कळत नाही आणि पंखाही वेळेवर फिरत नाही.

पद्धत ठरवण्याआधी गाडीकडे नीट बघा. रेडिएटरचं तोंड कूलंटच्या मार्गात सगळ्यांत उंच आहे का?

असेल तर झाकण उघडं ठेवून काम भागतं. थंड इंजिनावर तोंडापर्यंत कूलंट भरा, इंजिन आयडलवर (रेस न देता चालू) ठेवा, होज (रबरी नळ्या) हाताने दाबत राहा. थर्मोस्टॅट (कूलंट तापलं की वाट मोकळी करणारी झडप) उघडला की पातळी अचानक गुडुप होते. तेवढं लगेच भरा. वेळ बराच जातो, सांडतंही. सांडलेलं पुसाच, कारण कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेततं. तोंडावर घट्ट बसणारं फनेल लावलं की फनेलच सगळ्यांत उंच होतं आणि बुडबुडे आपोआप त्यात येतात. एकच वस्तू घ्यायची तर मी हीच घेईन.

हेड (इंजिनाचा वरचा भाग) किंवा थर्मोस्टॅट हाउसिंग तोंडापेक्षा उंच असेल तर तिथली हवा नुसत्या वाट पाहण्याने हलत नाही. अशा गाड्यांना बहुधा तिथेच ब्लीड बोल्ट, म्हणजे हवा बाहेर सोडायचा बोल्ट, दिलेला असतो. तो सैल करून हळूहळू भरत जायचं. आधी फसफस होते, मग थेंब पडतात, मग अखंड धार लागली की बंद. पाच मिनिटांचं काम, पण धोका बोल्टचाच: बारीक बोल्ट, ॲल्युमिनियमचे आटे. ‘अजून थोडा’ म्हणत मी एकदा आटे उडवले आहेत. वॉशर नवा घाला, टॉर्क (आवळण्याचा जोर) मॅन्युअलमधला. आणि वॉटर पंपाच्या तळाचा बोल्ट ब्लीडचा नव्हे, ड्रेनचा असतो. तो उघडलात तर सगळं कूलंट जमिनीवर.

व्हॅक्यूम फिलर आधी आतली हवा खेचून काढतो (होज चपटे होतात, घाबरू नका) आणि त्याच ओढीने कूलंट आत घेतो. त्याच्या दाबमापकाचा काटा काही मिनिटं स्थिर राहिला तर गळती नाही, हेही कळतं. पण त्याला सहसा कॉम्प्रेसर लागतो आणि अडॅप्टर मोटारसायकलच्या बारीक तोंडावर बसेलच असं नाही. लिटर-दोन लिटर कूलंटसाठी मला हा थाट जास्तच वाटतो. गळतीचा संशय असेल किंवा दोन रेडिएटरच्या गाडीत हवा पुनःपुन्हा अडकत असेल, तर गोष्ट वेगळी.

कोणत्याही पद्धतीत गरम इंजिनाचं झाकण उघडू नका. आत साधारण 1.1 बारपर्यंत दाब असतो. दुसऱ्या दिवशी इंजिन गार असताना रेडिएटरला जोडलेल्या कूलंटच्या बाटलीतली पातळी बघा. थोडी उतरली असेल तर राहिलेली हवा निघून कूलंट आत ओढलं गेलंय. तेवढं भरा. तीन-तीनदा करूनही बुडबुडे थांबत नसतील तर पद्धत बदलून उपयोग नाही. हेड गॅस्केट (हेडखालचं सील) तपासून घ्या.