गाळातलं पाणी काढायचं कसं: वाळूचे बेड की सेंट्रिफ्यूज?

सांडपाणी प्रकल्पातल्या गाळात बहुतेक पाणीच असतं. घन पदार्थ 2 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर नेले की आकारमान दहाव्या हिश्शावर येतं, आणि डंपरच्या फेऱ्याही.

वाळूच्या बेडवर 20–30 सेंटीमीटर गाळ सोडायचा. आधी पाणी वाळूतून झिरपतं, उरलेलं ऊन-वारा नेतो. भेगा पडल्या की फावड्याने उचलायचा. सोलापूरच्या मे महिन्यात हे सुखाचं. कोकणात पावसाळ्यात छप्पर नसेल तर विसराच. गाळ नीट पचलेला (जिवाणूंनी आधीच कुजवलेला) नसेल तर वास, माश्या, शिवाय बारीक कणांनी वाळू बुजते.

सेंट्रिफ्यूजला, म्हणजे गाळ जोरात फिरवून पाणी वेगळं काढणाऱ्या यंत्राला, पावसाचं सोयरसुतक नाही, पण त्याचा सगळा जीव पॉलीत, म्हणजे गाळात मिसळायच्या पॉलिमरमध्ये. गाळाचे कण ऋणभारित, एकमेकांना दूर ढकलणारे. धनभारित पॉलिमर त्यांना बांधून गुठळ्या करतो. डोस कमी पडला तर बाहेर पडणारं पाणी काळपट, जास्त झाला तर केक (पाणी काढलेला घट्ट गाळ) चिकट आणि पैसे अक्षरशः पाण्यात. पावडर कालवल्या कालवल्या वापरू नये; अर्धा-पाऊण तास मुरू द्यावी, नाहीतर बुळबुळीत गोळे तसेच राहतात. बीकरमध्ये आधी बघावं: गुठळ्या ठसठशीत, मधलं पाणी नितळ. तरी जिवाणूंच्या पेशींतलं पाणी नुसतं फिरवून निघत नाही. म्हणूनच जैविक गाळ (प्रक्रियेत वाढलेल्या जिवाणूंचा) प्राथमिक गाळापेक्षा (सुरुवातीच्या टाकीत नुसता तळाशी बसलेला) हट्टी.

जागा आणि ऊन असलेल्या छोट्या नगरपरिषदेने बेडच घ्यावेत, असं माझं मत. मुंबईसारख्या ठिकाणी मशीनला पर्याय नाही. फक्त वीज आणि पॉलीचा मासिक खर्च निविदेआधीच मांडावा.